नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही

कराडहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. डिझेल गाडीला 'पिकअप' हवा म्हणून त्यांनी 6 एप्रिल 2024 ला सांगलीच्या एका गॅरेजात बूस्ट (टर्बो नावाचा पंखा इंजिनात ज्या दाबाने हवा कोंबतो तो दाब) वाढवणारा बॉक्स बसवून घेतला. 22 जून 2024 ला पुण्याहून येताना खंबाटकी चढताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला, मागे निळा धूर सुटला आणि टर्बो कामातून गेला. शोरूमने वॉरंटी नाकारली, विमा कंपनीने क्लेम नाकारला, गॅरेजवाला 'करून देतो, टेन्शन घेऊ नका' म्हणत राहिला. यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये एक नोटीस धाडली, नोव्हेंबरमध्ये दुसरी. आणि आता विचारतात, "साहेब, ग्राहक आयोगाची दोन वर्षं दुसऱ्या नोटिशीपासून धरायची ना?"

नाही. पहिल्या नोटिशीपासूनही नाही.

अशी पत्रं मला महिन्याला दोन-तीन तरी येतात. वस्तू बदलते, कधी बोअरवेल, कधी फ्लॅट, कधी फ्रिज, पण गैरसमज तोच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. कारण घडलं तेव्हा घड्याळ सुरू झालं. तुम्ही पत्रं लिहीत बसलात म्हणून ते पुन्हा शून्यावर येत नाही. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतीचा प्रश्न आयोगाने स्वतःहून आधी तपासायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय. गॅरेजवाल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या 'करून देतो'ला लेखी कबुली म्हणता येईल का, यावर वाद घालता येईल. पण त्यावर भिस्त ठेवू नका.

मग कारण घडलं कधी? तुमचा सगळा खटला याच प्रश्नावर उभा आहे. तुमच्या बाजूने मी 22 जून म्हणेन, कारण दोष त्या दिवशी उघड झाला. या हिशेबाने मुदत 22 जून 2026, सोमवारी संपते. हे लिहितोय तेव्हा मे निम्मा सरलाय. पण गॅरेजचा वकील 6 एप्रिल म्हणणार, म्हणजे काम झालं तो दिवस, आणि त्या हिशेबाने तुम्ही महिनाभरापूर्वीच बाद झालात. म्हणून तक्रारीत 'ही तक्रार मुदतीत आहे' असं ठामपणे लिहा आणि 'आयोगाला वेगळं वाटल्यास' म्हणून विलंबमाफीचा वेगळा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडा. नोटीस-नोटीस खेळण्यात घालवलेला वेळ या अर्जात कारण म्हणून मांडता येईल. मान्य होईल याची हमी मी देत नाही.

शुक्रवार 19 जूनच्या आत दाखल करा. शेवटच्या सोमवारी पोर्टल चालेल, स्कॅन अपलोड होईल, या आशेवर राहू नका. तुम्ही कराडला राहता, त्यामुळे गॅरेज सांगलीत असलं तरी तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगात करता येते. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य.

दावा गॅरेजवरच करा. शोरूमच्या मागे लागू नका. वॉरंटीची अट तुम्हीच मोडलीत, शिवाय दाखवायला नेण्याआधी बॉक्स काढून ठेवलात. जॉबकार्डवर त्यांनी 'सेन्सरच्या वायरिंगला छेडछाड' असं लिहिलंय, ते काय डोळे मिटून बसले होते? विमा पॉलिसीतही यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. तो नाद सोडा.

आता पुरावा. जुना टर्बो गॅरेजनेच भंगारात घातला आणि तुम्ही घालू दिलात! वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि चहा घेऊन आलो. पण बॉक्स तुमच्याकडे आहे, आणि नशीब म्हणा, तोच जास्त महत्त्वाचा. तुमच्या वर्णनावरून हा बॉक्स प्रेशर सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, यांच्या मधे बसतो आणि ईसीयूला खरा दाब न सांगता कमी सांगतो. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, तो टर्बोला आणखी पळवतो. लाखाच्या वर आरपीएमने फिरणारी ती चकती आणखी जोरात फिरते, बेअरिंग आणि सील जातात, ऑईल इंजिनात ओढलं जातं. निळा धूर त्याचाच. त्यामुळे ईसीयूत 'ओव्हरबूस्ट'चा कोड सापडला नाही म्हणून गॅरेजवाला उड्या मारतोय, त्यात अर्थ नाही. ज्याला आकडाच खोटा सांगितला तो काय नोंदवणार? बॉक्सला ठरावीक सिग्नल दिला की बाहेर किती येतो, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. ग्राहक कायद्याच्याच कलम 38(2)(सी) खाली प्रयोगशाळेतल्या तपासणीचा अर्ज सुनावणीच्या पहिल्याच तारखेला द्या. तोवर बॉक्स उघडू नका, कुणा मेकॅनिक मित्राला 'जरा बघ' म्हणून देऊ नका. दोन साक्षीदारांसमोर पाकिटात घालून सही करून ठेवा.

बिल घेतलं नाहीत, 32 हजारांतले 12 हजार रोख दिलेत. असो. 20 हजारांची यूपीआयची नोंद आहे, तिचं बँक स्टेटमेंट काढा. '1.4 बारला सेट केलंय, काही होत नाही' हा गॅरेजवाल्याचा मेसेज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या, प्रमाणपत्रासह छापा. फोन बदलायचा बेत असेल तर पुढे ढकला.

एक धोका सांगून ठेवतो. गॅरेजवाला म्हणेल, बदलच बेकायदा होता आणि तुम्हीच तो मागितला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 182अ (4) तो काढणार; पहिल्यात आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करायला मनाई आहे, दुसऱ्यात मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. आरसीवर बूस्टचा आकडा नसतो, त्यामुळे कलम 52 इथे किती लागू पडतं यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझा अंदाज, भरपाईत तुमचा काही वाटा कापला जाईल. पूर्ण रक्कम मिळेल असं धरून चालू नका.

निकालाचं विचाराल तर कायद्यात तपासणीच्या प्रकरणाला पाच महिने लिहिलेत. पाच महिन्यांत कधीकधी नोटीसच बजावून होत नाही. पण आधी तक्रार दाखल तर होऊ दे. आणि नव्या टर्बोवर तो बॉक्स परत बसवायचा विचार पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलाय, ती ओळ मी वाचलीच नाही असं समजतो.