लम्पी झालेल्या गाईची धार काढली तर माणसाला पण होतो का?

नाही होत. लम्पीचा विषाणू गाई-बैलांना धरतो, म्हशीला कमी, माणसाला होत नाही. दूध नीट उकळून प्या, घाबरू नका.

पण म्हशीच्या देवीचं तसं नाही बरं का, आणि आपल्याकडं लोक दोन्हीत गल्लत करतात. लम्पीत अंगभर गाठी येतात, ताप येतो, आणि तो मुख्यतः चावणाऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. म्हशीच्या देवीत सडावर, कासेवर फोड येतात, आणि धार काढणाऱ्याच्या बोटाला चीर असली की तिथून विषाणू शिरतो न मग हातावर तसेच दुखरे फोड, काखेत गाठ, ताप. 2009 ला सोलापूर, कोल्हापूरकडं माणसांना झाला होता. हा विषाणू माणसाच्या देवीच्या लसीत वापरायच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद आहे. आपल्या आजीच्या दंडावर त्या लसीचा वण असतो बघा, देवी गेल्यावर ती लस बंद झाली, म्हणून तरुण पोरांना ते संरक्षण नाही.

आमच्या गोठ्यात म्हशीच्या सडाला फोड दिसले की आई तिची धार सगळ्यात शेवटी काढते, आधी नाही, न नंतर साबणानं कोपरापर्यंत हात धुते. तुम्ही पण असंच करा, बोट कापलेलं असेल तर दुसऱ्याला बसवा, आणि फोड आलाच तर फोडू नका, डॉक्टरला दाखवताना म्हशीचं पण सांगा. गाईला शेळीच्या देवीची लस टोचून घ्या, लम्पीला ती पण चालते, लम्पीचा न शेळीच्या देवीचा विषाणू एकाच घराण्यातले.