नर्सिंगमध्ये कायमस्वरूपी नोकरी घ्यावी की एजन्सीमार्फत काम करावं?
एजन्सीत अनेकदा तासाला पैसे जास्त मिळतात, हे खरं. तरी सुरुवातीची काही वर्षं कायमस्वरूपी नोकरीच घ्या. आयसीयूसारख्या विभागातलं काम एका जागी टिकल्यावरच हातात मुरतं. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की नळी वाकलीय, कफ साचलाय की पेशंट खरंच खालावतोय, हे मग झटकन कळतं. शिवाय प्रशिक्षणाचा खर्च संस्था सहसा कायम माणसांवरच करते.

मात्र सहीची घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०३० पर्यंत जगात सुमारे १.१ कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील, म्हणजे गरज रुग्णालयांनाही आहे. एका नर्सकडे किती पेशंट, सलग किती नाइट, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) मोडल्यास किती रक्कम, हे सगळं लेखी घ्या. जमलं तर वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांशी बोला. जुनं कोणी टिकलेलंच नसेल तर दुसरीकडे बघा.