सगळ्या पक्षांचे नेते एकत्र बसतात का? बसतात, पण पत्रिका छापू नका

तुम्ही विचारलंय की कुठल्याच पक्षाचा नसलेला मंच वेगवेगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना एकत्र बसवून शहराचा प्रश्न खरंच मार्गी लावू शकतो का, आणि तुमच्या गावात तसा मंच काढायचा तर सुरुवात कुठून करायची. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. निमंत्रण पत्रिका छापू नका. झालं.

सोलापुरात नवी पेठेच्या मागं माझं डीटीपी-छपाईचं दुकान आहे. लग्न, मुंज, वास्तुशांत, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं करतो. त्यामुळं आमच्या शहरातले पुढारी मला फाँटच्या साईजवरनं माहीत आहेत, कोण किती पॉईंटच्या खाली ऐकत नाही ते तोंडपाठ आहे.

२०१८ चा उन्हाळा. नळाला चार दिवसाआड पाणी, ते पण कधी रात्री दोनला तर कधी पहाटे पाचला. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मिस्टर, बँकेतनं नुकतेच रिटायर झाले होते आणि त्यांनी दोन डॉक्टर, एक वकील, एक टॉवेलवाले कारखानदार आणि एक माजी प्राध्यापक असे दहा-बाराजण धरून एक मंच काढला. कुठल्या पक्षाचा नाही, राजकारण नाही, फक्त सोलापूरचं भलं. मला पण घेतलं. का घेतलं ते तुम्हाला कळलंच असेल, छपाई फुकट. पहिला कार्यक्रम ठरला सर्वपक्षीय पाणी परिषद.

मी पहिलं प्रूफ काढलं ते अकारविल्ह्यानं. साधं सरळ. दाजी म्हणले, अरे प्रोटोकॉल बघ की जरा. मग प्रोटोकॉलनं काढलं, तर एकाच्या पीएचा फोन, साहेबांचं नाव दुसऱ्या ओळीत चालणार नाही. मग फोटो आले, तर कुणाचा फोटो दोन मिलीमीटर मोठा. एकजण म्हणला त्यांचं नाव असंल तर आमचं काढा. मग 'प्रमुख उपस्थिती' आणि 'विशेष उपस्थिती' यात मोठं कोण यावर एक संध्याकाळ गेली आणि ते कुणालाच माहीत नव्हतं, शेवटी 'सन्माननीय मार्गदर्शक' असा तिसरा प्रकार काढला तर सगळ्यांनाच तो पाहिजे झाला. नवव्या प्रूफाला मी वैतागून मधी पाण्याचा थेंब काढला आणि सगळी नावं त्याच्या भोवती गोलात लावली, म्हटलं आता कोण पहिला आणि कोण शेवटचा. दुसऱ्या दिवशी फोन आला, घड्याळात बाराच्या जागी कुणाचं नाव आहे बे?

अकरावं प्रूफ छापलं. पाचशे प्रती, आर्टपेपर.

परिषद पावणेतीन तास चालली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर सोलापुरी चादर, मग प्रत्येकानं आमच्या काळात काय झालं आणि त्यांच्या काळात काय झालं नाही ते सांगितलं. पाणीपुरवठ्यातनं रिटायर झालेले एक इंजिनियर नकाशाची गुंडाळी घेऊन दुपारपासून बसले होते. त्यांना शेवटी सात मिनिटं मिळाली आणि तोवर स्टेजवर चार खुर्च्या नि पाण्याच्या बाटल्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, सगळ्यांनी हात वर धरलेला. दाजींनी तो फ्रेम केला.

रविवारी ताईकडं जेवायला गेलो तेव्हा मी बोललो. दाजी, यातनं मिळालं काय? ते म्हणले, "अरे, सगळे एका स्टेजवर आले हेच यश आहे, तुला राजकारणातलं कळत नाही." ताईनं पानात शेंगाची चटणी जास्तीची वाढली, म्हणजे गप्प बस. दाजींपुढं आवाज चढवायचा नसतो आपल्याकडं, म्हणून गप्प बसलो.

पण ते इंजिनियर डोक्यातनं जाईनात. महिन्याभरानं मी स्वतःच तिघांना फोन केला, तीन वेगळ्या पक्षांचे, एक चालू नगरसेवक, एक माजी, आणि एक भीमाकाठच्या गावाकडचे पुढारी. पत्रिका नाही, बॅनर नाही, रात्री नऊला दुकानाचं शटर अर्धं ओढून पेपरच्या रिमांवर बसलो, कडक भाकरी, चटणी आणि कांदा. इंजिनियरनी कटिंग मशीनवर नकाशा पसरला आणि दीड तास समजावून सांगितलं. उजनी धरणात ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं म्हणून आपण ऐकतो, पण त्यातलं ६३ च्या आसपास तळाचा मृतसाठा, वापरायचं ते साधारण ५३, म्हणून तर दर उन्हाळ्यात धरण मायनसमधी गेल्याच्या बातम्या येतात. शहराला पाणी तीन वाटांनी येतं, उजनीवरनं थेट पाईपलाईन, हिप्परग्याचा तलाव, आणि तिसरी म्हणजे धरणातनं भीमा नदीत सोडून खाली औज बंधाऱ्यात अडवून टाकळीवरनं उचलायचं. या तिसऱ्या वाटेत पाणी मुरतं, उन्हानं उडतं, मोटारी उचलतात, शहराच्या तोंडी त्यातलं थोडकंच लागतं. त्यावर उपाय म्हणून ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी, म्हणजे उजनीवरनं दुसरी थेट पाईपलाईन.

आणि मग गावाकडचे पुढारी जे बोलले ते स्टेजवर कुणी मेलं तरी बोललं नसतं. ते म्हणले, तुमची पाईपलाईन झाली की तुमच्या नावानं नदीत पाणी सुटायचं बंद होईल, मग आमच्या काठच्या उसानं काय करायचं? मी भाषणात पाईपलाईनला पाठिंबा देतो, पण मनातनं मला ती लवकर नकोच आहे. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग चालू नगरसेवक म्हणला, आता खरंच बोलायचं तर माझ्या भागात चावीवाला माझ्या सांगण्यावरनं अर्धा तास जादा सोडतो. माजी हसला, म्हणला तो तुझ्या आधी माझं ऐकत होता.

मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मिळालं. नेत्यांना प्रश्न माहीत नसतो असं नाही, खरं बोलायला जागा नसते. तज्ज्ञाचा कागद मधी असला आणि ऐकायला आपला कार्यकर्ता नसला की माणूस बोलतो. लंडनच्या चॅटम हाऊस संस्थेत १९२७ पासून हाच नियम आहे, बैठकीत ऐकलेलं बाहेर वापरा, पण कोण बोललं ते सांगायचं नाही. मला हे नंतर कळलं. आम्ही ते कांदा-भाकरीवर शोधलं होतं!

आमच्या तीन बैठका झाल्या. पाईपलाईन काय दुकानात ठरणार नव्हती, पण त्या दोघांच्या भागात चावी सोडायची वेळ फळ्यावर लिहायची आणि जादा अर्धा तास दोघांनीही मागायचा नाही, एवढं ठरलं. फळे मीच रंगवून दिले. दोन महिने पाणी फळ्यावरच्या वेळेला, फार तर पाऊण तास इकडं-तिकडं, येत होतं. बायका रात्रीच्या झोपू लागल्या, याच्यापेक्षा मोठं धोरण मला तरी माहीत नाही.

तिसऱ्या बैठकीला दाजी आले. बोलावलं नव्हतं, पण दाजींना दारातनं परत कसं पाठवायचं. त्यांनी शटरपाशी उभं राहून मोबाईलवर फोटो काढला आणि रात्रीच ग्रुपवर टाकला, 'मंचाच्या पुढाकाराने सर्वपक्षीय मनोमिलन'. सकाळी साडेसातला माजी नगरसेवकाचा फोन, वरनं विचारणा झाली, त्यांच्याबरोबर भाकरी खायला कशाला गेला होता म्हणून. लोकसभेचं वारं सुरू झालं होतं. चौथ्या बैठकीला मी आणि इंजिनियर, दोघंच. फळ्यावर पुढं कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली.

दाजी अजून म्हणतात की फोटोमुळं मंचाचं नाव झालं. झालं असंल.

आता थोडं मोठ्या गोष्टींचं. सगळे पक्ष एकत्र येणं अवघड असतं हे खोटं आहे, बाहेरचा शत्रू मिळाला की एका रात्रीत येतात. २०२१ ला उजनीतनं शेजारच्या पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला पाच टीएमसी द्यायचा निर्णय झाला तेव्हा आमच्या जिल्ह्यात सगळ्या रंगाचे लोक रस्त्यावर आले आणि महिन्याभरात तो रद्द झाला. त्याला मंच लागत नाही. मंच लागतो भांडण घरातलं असलं की. होटगी रोडच्या विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडायची का नाही यावर शहर वर्षानुवर्षं फाटलेलं होतं, दोन्हीकडं सगळ्या पक्षांची माणसं होती, शेवटी १५ जून २०२३ ला पोलीस बंदोबस्तात पाडली. म्हणजे बोलून सुटलं नाही.

आणि पक्ष सोडून दुसऱ्याबरोबर उभं राहायची किंमत असते. आमच्याकडं आडम मास्तर आहेत, आयुष्यभर लाल झेंडा, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष. विडी आणि इतर कष्टकऱ्यांच्या ३० हजार घरांच्या रे नगर योजनेसाठी ते २०१९ ला मोदींच्या कार्यक्रमात उभे राहिले, कौतुकाचं बोलले, तर त्यांच्याच पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतनं तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. २०२४ च्या जानेवारीत त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या. तुम्ही ज्या नेत्याला बोलावताय त्याला काय मोजावं लागणार याचा हिशोब आधी करा, चहा-भजी नंतर.

मंच टिकवायचा असेल तर पुण्याच्या सार्वजनिक सभेकडं बघा, १८७० ची. तिच्यात सभासद व्हायला निदान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं, म्हणजे तू कुणाच्या वतीनं बोलतो ते दाखव. दाजींच्या मंचात कुणी कुणाचं नव्हतं, मी धरून. मराठवाड्यात गोविंदभाई श्रॉफांची जनता विकास परिषद होती, तिनं रेल्वेच्या ब्रॉडगेजसारखा एकेक मुद्दा धरून वर्षानुवर्षं रेटला, दर महिन्याला नवा विषय नाही.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर म्हणाल हा माणूस बंद दाराचा भक्त आहे. बंद शटरच्या मागं सेटिंग पण होते, आणि आमच्यात एखादा ठेकेदार असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. म्हणून कोण काय बोललं ते आत ठेवा, पण काय ठरलं ते फळ्यावर लिहा. आणि निवडून आलेली माणसंच नसली तर हे सगळं फोल आहे, आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढं जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते, तेव्हा भाकरी खायला बोलावणार कुणाला?

गेल्या दिवाळीत दाजी दुकानात आले होते. परत परिषद घ्यायची म्हणतात, रस्त्यांवर. या वेळी नावं आडनावाप्रमाणं लावू म्हणजे भांडणच नाही. मी म्हटलं, मशीन बंद आहे. मागं मशीन चालू होती, त्यांना ऐकू येत होती. ताईच्या हातचा चिवडा ठेवून गेले.