‘पोस्ट करू का?’ या प्रश्नाला उत्तर

प्रिय,

कुणा अनोळखी माणसानं आपल्या आजारपणाबद्दल लिहिलेलं वाचून तुझी झोप उडाली आणि आपणही लिहावं असं वाटलं, हे तुझ्या मेसेजमधून कळलं. यात उथळ काही नाही. आधी कुणीतरी बोललेलं असतं, म्हणूनच पुष्कळदा आपल्याला बोलायचा धीर होतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी कार्यकर्त्या तराना बर्क ‘मी टू’ (‘मीसुद्धा’) हे शब्द २००६ पासून वापरत होत्या. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये एका ट्विटनं तेच शब्द लिहायचं आवाहन केलं आणि फेसबुकच्या सांगण्यानुसार चोवीस तासांच्या आत ४७ लाख लोक त्या चर्चेत उतरले. त्यांचे अनुभव काही त्या दिवशीचे नव्हते.

मात्र धीर आला की घाईही येते, आणि मला काळजी तिचीच आहे. आज रात्री पोस्ट करू नकोस. फोन लांब ठेव आणि नुसतं लिही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्यावर त्यांना वाईटच वाटलं. पण मनातलं मोकळेपणानं लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी भरल्या. (नंतरच्या प्रयोगांत परिणाम बराच सौम्य दिसला, त्यामुळे याला रामबाण समजू नकोस.) त्या कागदांना लाइक कुणी दिले नव्हते.

मग पोस्ट कशाला करायची? दुसऱ्या कुणाला तरी उपयोग व्हावा म्हणून. त्या अनोळखी माणसाची पोस्ट पुन्हा वाच आणि नेमकं कुठे थांबायला झालं ते बघ. बहुधा ‘भयंकर’, ‘असह्य’ अशा शब्दांपाशी नाही, तर रिपोर्टचं पाकीट न उघडता उशीखाली ठेवलं, अशा एखाद्या तपशिलापाशी. तसा तपशील तुझ्याकडे असेलच.

सगळ्यात अवघड भाग तुझ्या गोष्टीतल्या इतर माणसांचा. तुझं दुखणं तुझं आहे, पण त्या काळात आई काय बोलली, कोणता मित्र फिरकलाच नाही, हे त्यांच्याही आयुष्यातलं आहे. नाव बदललं तरी ओळखीचे लोक बरोबर ओळखतात. विचारता येईल त्यांना विचार. नको म्हणाले तर तो भाग गाळ. पोस्ट नंतर डिलीट करता येते, कुणी घेतलेला स्क्रीनशॉट नाही.

आणि प्रतिसादांचं म्हणशील, तर शिव्यांपेक्षा शांतता जास्त बोचते. त्यासाठी जवळच्या एकदोघांना आधीच सांगून ठेव. काहीजण आपली दुःखं घेऊन तुझ्या इनबॉक्समध्ये येतील. ऐकून घे, पण समुपदेशक होऊ नकोस; कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली, तर त्यांना लगेच हेल्पलाइनकडे किंवा डॉक्टरांकडे वळव.

मसुदा झाला की दोन दिवस तसाच राहू दे, मग मला पाठव. शुद्धलेखन मी बघेन.

तुझी,
ताई