बी.एस्सी. सोडून वकिलीकडे?

ताई, पत्र मिळालं. तुमची लेक बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं तुमचं घर पाण्यात गेलं, तेव्हापासून तिला पर्यावरणात काम करायचंय. आता मात्र ती म्हणते, ‘शास्त्रज्ञ सांगून थकले, ऐकतंय कोण? मी वकील होणार.’ मिस्टरांची शिरोलीत फौंड्री. कंपन्यांशी भांडायला शिकून पोट कसं भरणार, ही त्यांची काळजी.

लेक चंचल नाही, ताई. तिनं दुखणं बरोबर ओळखलंय. एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या वरिष्ठांना त्यांच्याच शास्त्रज्ञानं १९७७ मध्ये तापमानवाढीचा धोका सांगितला होता. कंपनीचे तेव्हाचे अंदाज पुढं बरेचसे खरे ठरले, तरी बाहेर मात्र ‘अजून नक्की काही कळलेलं नाही’ हेच ऐकवलं गेलं. १९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटार कंपन्यांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोएलिशन’ काढली. तापमान वाढवणारे वायू कमी करायच्या क्योटो कराराआधी अमेरिकेत जाहिरातींचा मारा झाला: भारत-चीनला सूट आणि भुर्दंड आपल्याला का? सिनेटनं १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी अशा कराराला नकार कळवला. त्यामागं एकट्या कंपन्या नव्हत्या, पण रान त्यांनी पेटवलं होतं. २००१ मध्ये अमेरिकेनं क्योटोतून अंग काढून घेतलं.

तरीही पदवी अर्धवट सोडू देऊ नका. मागं एका खाणीच्या जनसुनावणीला मी गेलो होतो. पर्यावरण अहवाल जाडजूड, आणि तो करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवाल्यानंच द्यायचे, अशी आपल्याकडची रीतच आहे. गावकरी पोटतिडकीनं बोलले, टाळ्या पडल्या, मंचावर कुणी मान वर केली नाही. मग एका निवृत्त मास्तरांनी अहवालाचं पान उघडून विचारलं, ‘हे झऱ्याचं पाणी कुठल्या महिन्यात मोजलंय? मे महिन्यात तिथं थेंब नसतो.’ तेव्हा कुठं मंचावर कुजबुज सुरू झाली, आणि प्रश्न इतिवृत्तात गेला. तक्ता वाचता येणारा वकील आपल्या भागात मला हवाय. रसायनशास्त्र हीच तिची शिदोरी आहे.

तेव्हा बी.एस्सी. पूर्ण, मग राज्याची सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. सुरुवातीची काही वर्षं कमाई बेताची राहील, हेही मनाशी धरा.

मिस्टरांना एक सांगा. युरोपनं आयात होणाऱ्या लोखंड-पोलादावर कार्बनचा हिशेब २०२३ पासून मागायला सुरुवात केलीय. हा हिशेब आणि त्यामागचा कायदा दोन्ही कळणारी माणसं कारखानदारांनाही लागणार आहेत.

या सुट्टीत तिला जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवा. जनसुनावणी लागलेल्या प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश तिथं बघायला मिळतो. धुराचे आकडे समजून घ्यायला तिला बाबांजवळ बसवा. भट्टीतलं त्यांच्याइतकं तिला कोण सांगणार?