आगळाचं पीक पुढे पळतंय म्हणून कॉलम फेकू नका

कुडाळच्या सदस्याने विचारलंय ते थोडक्यात असं. कोकमातलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, म्हणजे एचसीए, ते एचपीएलसीवर मोजतात, म्हणजे सॅम्पल कॉलम नावाच्या भरलेल्या नळीतून ढकलून घटक वेगळे करतात. नेहमीच्या सी-१८ कॉलमवर (आत तेलकट कार्बन साखळ्या) ते टिकत नव्हतं, डेड व्हॉल्यूमजवळच, म्हणजे कुठेही न थांबणाऱ्या पाण्याबरोबरच, निघून यायचं. म्हणून त्यांनी मिक्स्ड-मोड कॉलम घेतला. सी-१८ साखळ्यांबरोबर अमाइन गट असलेला, १५० बाय ४.६ मिलिमीटर. मोबाईल फेज, म्हणजे कॉलममधून सतत वाहणारं द्रव, २० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट (हाच बफर, पीएच धरून ठेवणारा), पीएच ३.०, त्यात ५ टक्के अॅसिटोनायट्राइल. फ्लो मिनिटाला १ मिली, इंजेक्शन २० मायक्रोलिटर, मोजणी २१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर. स्टँडर्डचं (माहीत असलेल्या एचसीएच्या द्रावणाचं) आणि अमृत कोकमाचं पीक, म्हणजे आलेखातला सुळका, ७.८ मिनिटांना छान येतं. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, मात्र सव्वापाचला येतं, तेही खांदा फुटलेलं. विक्रेता म्हणतो कॉलम खराब झाला, नवीन घ्या. इथे वर एकाने टेट्राब्यूटाइल अमोनियम (धन प्रभाराचं एक रसायन) घालून पुन्हा सी-१८ वर जा असं सुचवलंय.

कॉलम बहुतेक ठणठणीत आहे. तुमच्या आगळात मीठ आहे, एवढंच झालंय.

आपण सगळे सी-१८ वर वाढलेले लोक. मीठ म्हटलं की आपल्याला वाटतं, ते काय, पाण्याबरोबर पहिल्या दीड मिनिटात निघून जाईल. सी-१८ वर जातंही. पण तुमच्या कॉलमवर एचसीएला धरून ठेवतोय तो अमाइनचा धन प्रभार, सी-१८ साखळी नव्हे. एवढ्या पाणीप्रिय आम्लाला तिचं काय कौतुक? त्या धन प्रभारावर आधीपासून फॉस्फेटचे आयन बसलेले असतात, त्यांना उठवून एचसीए बसतं, मग फॉस्फेट त्याला उठवतं, असं करत ते पुढे सरकतं. क्लोराइडही ऋण आयनच, त्यालाही तीच जागा हवी असते. म्हणजे सी-१८ वर जे काम अॅसिटोनायट्राइल करतं ते इथे मीठ करतं. मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं सॅम्पल २० मायक्रोलिटर सी-१८ वर टाकलं की पीक कसं फुटतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. आगळाने तेच केलंय.

हिशोब करून बघा. आगळात मीठ घरोघरी वेगळं पडतं, पण सोयीसाठी १०० मिलीला १० ग्रॅम धरू. म्हणजे लिटरला १०० ग्रॅम, भागिले ५८.४४, झालं साधारण १.७ मोलर. तुम्ही दहापट पातळ करता, तरी १७० मिलिमोलर उरतं. मोबाईल फेज आहे २० ची. म्हणजे जी पुडी तुम्ही कॉलमच्या तोंडाशी टाकता तिच्यात बफरच्या आठपटीहून जास्त मीठ आहे. त्या मिठाच्या लोंढ्याबरोबर जेवढं एचसीए वाहून जातं ते लवकर येतं, मागे राहिलेलं आपल्या गतीने येतं, आणि तुम्हाला खांदा दिसतो. अमृत कोकमात असते साखर. साखरेला प्रभार नाही, ती कुणाची जागा मागत नाही, म्हणून ते सॅम्पल गुणी बाळासारखं वागतं.

हे सिद्ध करायला अर्धा दिवस पुरे. स्टँडर्ड साध्या पाण्याऐवजी १ टक्का मिठाच्या पाण्यात करा आणि टाका. तेही पुढे पळालं, खांदा फुटला, तर खटला संपला. मग आगळ शंभरपट पातळ करा, म्हणजे मीठ १७ मिलिमोलरवर येईल, बफरच्या पंक्तीला. इंजेक्शनही ५ मायक्रोलिटरवर आणा. संवेदनशीलतेची काळजी करू नका, आगळ किती आंबट असतं ते जिभेला ठाऊक आहे, शंभरपट पातळ करूनही पीक भरपूर दिसेल.

कॉलम खरंच मेलाय का याचीही एक सोपी परीक्षा आहे. बफर २० ऐवजी ४० मिलिमोलर करा, पीएच तोच ठेवा, आणि साध्या पाण्यातलं स्टँडर्ड टाका. एकच प्रभार असलेला आयन असेल तर बफर दुप्पट केल्यावर त्याचा रिटेन्शन फॅक्टर (डेड टाइमच्या किती पट जास्त वेळ तो कॉलमवर अडकतो ते) जवळजवळ निम्मा होतो, दोन प्रभारांचा असेल तर चतुर्थांश. तुमचा डेड टाइम, म्हणजे अजिबात न टिकणाऱ्या पदार्थाला बाहेर यायला लागणारा वेळ, दीड मिनिट धरला तर ७.८ ला फॅक्टर येतो ४.२. निम्मा केला की २.१, म्हणजे पीक पावणेपाचच्या आसपास यायला हवं, किंवा थोडं मागे. आलं तर आयन एक्स्चेंज जिवंत आहे. पीक जागचं हललंच नाही तर मात्र विक्रेत्याला फोन करा.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण यात आमचं नाक एकदा कापलं गेलंय. रत्नागिरीकडच्या एका लॅबमध्ये होतो तेव्हा बांगड्यातलं हिस्टामिन बघायचो. युरोपला जाणाऱ्या अशा माशाला नऊ नमुन्यांची अट असते: किलोला १०० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान फार तर दोन नमुने चालतात, २०० च्या वर एकही नाही. कॉलम मिक्स्ड-मोडच, पण उलट्या जातीचा, ऋण प्रभाराचा. पीएच ३ ला हिस्टामिनवर दोन धन प्रभार, हिस्टिडिनवर (ज्यापासून हिस्टामिन बनतं) निव्वळ एक, त्यामुळे दोघं मस्त वेगळे व्हायचे. ताजा बांगडा महिनोन्‌महिने बिनतक्रार चालला. मग कुणीतरी खारा बांगडा आणला. तीच पद्धत, तोच रन, रिपोर्ट: आढळले नाही. खाऱ्या बांगड्यात हिस्टामिनचा मागमूस नाही म्हणजे चमत्कारच! आमच्या बाईंनी शांतपणे त्याच सॅम्पलमध्ये मोजून हिस्टामिन घातलं आणि पुन्हा चालवलं. तरीही आढळले नाही. सोडियमने हिस्टामिनला पुढे ढकललं होतं, आणि मास डिटेक्टर (रेणूंचं वजन बघणारा) ज्या ठरावीक मिनिटांतच बघतो ती खिडकी उघडायच्या आधीच ते निघून गेलेलं. तुमचं पीक निदान दिसतंय तरी. तेव्हापासून खारं सॅम्पल आलं की आधी त्यात स्टँडर्ड घालून बघायचं, मगच रिपोर्टला हात लावायचा.

आता पीएचबद्दल, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. सी-१८ वर आम्ल टिकवायचं तर पीएच खाली नेतो. इथे उलटं. पीएच वाढवला की आम्लावर प्रभार वाढतो आणि ते जास्त टिकतं. तुम्ही ३.० ला बसलाय ती जागा निसरडी आहे. एचसीएचा भाऊबंद सिट्रिक आम्ल घ्या, त्याचा पहिला पीकेए, म्हणजे ज्या पीएचला गट निम्मा आयनित होतो तो, ३.१३. पीएच २.८ ला त्याचा पहिला गट साधारण ३२ टक्के आयनित, ३.२ ला ५४ टक्के. म्हणजे मीटर जरा घसरला की आजचं ७.८ उद्या ९ होणार. मीटर रोज ४ आणि ७ च्या बफरवर लावा आणि पीएच अॅसिटोनायट्राइल घालायच्या आधी मोजा. निसरडं वाटतं म्हणून कुणी ४.५ ला जातं. फॉस्फेट तिथे बफर नसतो, नुसतं मीठ असतं. त्याचे पीकेए २.१५ आणि ७.२, मधल्या मैदानात तो काहीच धरत नाही. जायचं तर थेट ६.५ ला जा, फॉस्फेट बराच वाढवा, आणि त्याआधी कॉलमच्या कागदावर पीएचची मर्यादा वाचा. तिकडे एक फायदा आहे. आटवलेल्या अर्कात एचसीएचं लॅक्टोन होतं, म्हणजे रेणू स्वतःलाच जोडून घेऊन कडं बनवतो. त्यात एक कार्बोक्सिल गट अडकून पडतो, त्यामुळे प्रभार कमी, आणि ते मूळ आम्लापासून सहज सुटतं. अमोनियम फॉर्मेट वापरू नका, २१० ला तेच दिसतं. मास डिटेक्टर असता तर वेगळी गोष्ट.

टेट्राब्यूटाइल अमोनियमने काम होतं, खोटं नाही. पण तो कॉलमला आणि नळ्यांना असा चिकटतो की तो कॉलम मग दुसऱ्या कशाला देता येत नाही. मजा म्हणजे तोही सी-१८ वर बसून धन प्रभारच तयार करतो. म्हणजे मोबाईल फेजमधून रोज नवा मिक्स्ड-मोड कॉलम बनवायचा. तुमच्याकडे तो तयार, पक्का बांधलेला आहे, मग कशाला?

सोलांचा अर्क मिथेनॉलमध्ये काढणार असाल तर गार्सिनॉल, कोकमातलाच एक तेलकट स्वभावाचा पदार्थ, येईल. त्याला सी-१८ साखळी खरोखर आवडते, तो ५ टक्के अॅसिटोनायट्राइलला दाद देत नाही आणि चार इंजेक्शनांनंतर टेकाडासारखा वर येतो. दर दिवसाच्या शेवटी ८० टक्के अॅसिटोनायट्राइलने धुवा, पण त्याआधी १० टक्के अॅसिटोनायट्राइलवाल्या पाण्याने अर्धा तास फॉस्फेट काढूनच. नाहीतर तो कॉलममध्येच खडा धरेल. आणि सकाळी लगेच सॅम्पल टाकायची घाई नको. आयनांची अदलाबदल सावकाश होते. ४० ते ५० कॉलम व्हॉल्यूम म्हणजे तुमच्या मापाच्या कॉलमला १०० ते १२५ मिली, मिनिटाला १ मिलीने दोन तास. स्टँडर्ड लागोपाठ तीनदा एकाच वेळी आलं की सुरुवात करा.

पावसाळ्यात कुडाळला वीज कधी जाते ते तुम्हीच जाणता. पंप बंद पडून फॉस्फेट रात्रभर आत राहिला असेल तर वीज आल्यावर लगेच पूर्ण फ्लो लावू नका. ०.२ ने सुरू करा आणि दाबाकडे बघत वाढवा. मिठाच्या पाण्यातल्या स्टँडर्डचा आलेख आला की इथे टाका, खांदा किती आणि कुठे फुटलाय ते बघून पुढचं बोलू.