वाचकांचे प्रश्न : तोकाइदोवरचे नट

प्रश्न : घरातल्या जुन्या पेटीत एक जपानी चित्र सापडलं. पुढे कंबरेपर्यंत दिसणारा रंगवलेल्या चेहऱ्याचा नट, मागे रस्ता, डोंगर आणि वाटसरू. हे फिरत्या नाटक मंडळीचं चित्र आहे का? अस्सल आहे की नक्कल?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वर्णनावरून हे जपानी चित्रकार कुनिसादाच्या १८५२च्या छापील मालिकेतलं असावं. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो या तोकाइदो मार्गावरच्या मुक्कामांना त्याने काबुकी या जपानी नाट्यप्रकारातली एकेक भूमिका जोडली. पण नट प्रवासात नाही. मागचा देखावा बराचसा हिरोशिगे या दुसऱ्या चित्रकाराच्या तोकाइदो चित्रांवरून उचललेला, आणि त्यापुढे शहरातला नट आणून बसवलेला. भूमिकेचा त्या गावाशी काही धागा असला की झालं. नटाने ती कधी केली नसेल किंवा तो हयात नसेल, तरी चालायचं. मालिका इतकी खपली की मधल्या ठिकाणांचीही चित्रं निघाली आणि संख्या शंभरापुढे गेली.

आता तपासणी. दहापट भिंगाखाली रंग ठिपक्यांच्या जाळीत फुटलेला दिसला, तर ती यंत्रावर छापलेली नक्कल. पुढे काही बघायची गरज नाही. अस्सल चित्र लाकडी ठशाने छापलेलं असतं; ठशाच्या छपाईत रंग सलग असतो आणि कागदात मुरून मागच्या बाजूलाही उमटतो. मागून कागद घासून छाप घेतात, त्या घासण्याच्या गोलसर खुणाही तिरक्या उजेडात दिसतात. सही ‘तोयोकुनी’ अशी असेल, तर गोंधळू नका. १८४४पासून कुनिसादा हेच नाव लावत होता. सहीभोवती बहुधा लाल-पिवळी उभी चौकट असते. जवळच छपाईआधी चित्र तपासणाऱ्या तपासनिसांचे दोन छोटे गोल शिक्के आणि एक लांबट शिक्का शोधा. लांबट शिक्क्यात महिना आणि राशिचक्रातला प्राणी असतो. १८५२ हे उंदराचं वर्ष. पूर्ण कागद साधारण ३८ × २५ सेंमी भरतो. लहान भरला तर कडा छाटलेल्या आहेत. अल्बममध्ये चिकटवताना असं सर्रास होई. छाटणीत शिक्का गेला की किंमतही उतरते.

प्रश्न : चित्रावर नटाचं नाव कुठेच का नाही?

उत्तर : १८४२च्या फर्मानाने नटांची चित्रं छापायला बंदी झाली. पुढे ती सैल पडली, तरी प्रकाशक फक्त भूमिकेचं नाव घालत. ओळख पटायची ती चेहऱ्याच्या ठेवणीवरून आणि कपड्यावरच्या चिन्हावरून. एकात एक तीन चौकोन दिसले, तर इचिकावा दांजुरोचं घराणं. याच घराण्यातल्या सातव्या दांजुरोला त्याच १८४२मध्ये चैनीचा ठपका ठेवून एदोबाहेर काढलं. माफी मिळेपर्यंत, म्हणजे १८४९पर्यंत, तो बाहेरच्या शहरांतून कामं करत राहिला. खरा फिरता नट हवा असेल, तर तो हा.

प्रश्न : कोकणातल्या दमट हवेत फ्रेम कशी करावी?

उत्तर : फ्रेमवाल्याला आधीच बजावा : सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन काहीही नको. चित्राच्या फक्त वरच्या कडेला, मागून, जपानी कागदाच्या सेंटीमीटरभर रुंद दोन पट्ट्या लावून ते आम्लविरहित बोर्डावर टांगायचं. खालच्या कडा मोकळ्या, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी सुरकुत्या पडत नाहीत. पट्टीला गव्हाच्या स्टार्चची खळ, एक भाग स्टार्चला साधारण चार भाग पाणी, शिजवून गाळलेली. मैदा नको, त्यातल्या ग्लुटेनला (चिकट प्रथिनाला) कसर लवकर लागते. काच चित्राला टेकू देऊ नका. मध्ये जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर ओल धरून रंग काचेला चिकटतो.

बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. करडईच्या फुलांचा लाल आणि त्यात निळा मिसळून केलेला जांभळा उजेडाने पहिले जातात, म्हणून प्रकाश मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत ठेवा आणि काही महिने भिंतीवर ठेवल्यावर चित्र उरलेलं वर्ष अंधारात जाऊ द्या. डाग पुसायला ओला कापूस फिरवू नका, हा लाल पाण्यानेही सुटतो.